पलंग कोणी कुरतडला? पिवळा वॉलपेपर, डॉक्टर मिचेल आणि अकरावीचा वर्ग

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. एक, 'भुताच्या गोष्टींवर पीएचडी करता येते?' आणि दोन, 'बरं, पण त्याचा स्त्रीवादाशी काय संबंध?' पहिल्याचं उत्तर 'हो, येते' एवढंच आहे. दुसऱ्याचं उत्तर मला स्वतःला नीट कळलं ते ग्रंथालयात नाही, तर एका अमेरिकन हायस्कूलच्या अकरावीच्या वर्गात, मागच्या बाकावर बसून.

वर्गात कथा चालू होती शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर'. अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये ही कथा इतकी शिकवली जाते की तिकडच्या मुलांना लेखिकेचं नाव आठवलं नाही तरी तो पिवळा कागद आठवतो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नुकतंच बाळंतपण झालेली एक बाई. नवरा जॉन डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांचंही मत एकच, की हिला विशेष काही झालेलं नाही, थोडी मनाची कमजोरी आहे, विश्रांती घेतली की बरी होईल. उन्हाळ्यासाठी एक जुनं, आडबाजूचं मोठं घर भाड्याने घेतात आणि तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतात. खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे. लिहायला बंदी. ती चोरून लिहिते आणि आपण वाचतो ती तिची वही. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला आधी काहीतरी हलताना दिसतं, मग एक बाई दिसते, मग त्या बाईला बाहेर काढायचं ती ठरवते.

शेवटाकडे ती सहज लिहून जाते की या पलंगाचं लाकूड कुरतडलेलं आहे, आधी इथे राहणाऱ्या मुलांनी काय धुडगूस घातला असेल! आणि थोड्याच ओळींनंतर ती स्वतः त्याच पलंगाचा एक कोपरा चावते.

वर्गात यावर जवळजवळ भांडण झालं. एका मुलाचं म्हणणं, आधीचंही हिनेच कुरतडलंय, हिला आठवत नाही. एक मुलगी म्हणाली, नाही, हिच्या आधी इथे दुसरी कोणीतरी बाई कोंडलेली होती. भिंतीवर खाली, जमिनीलगत घासल्याची जी लांब खूण आहे, ती तिची. तिसरा म्हणाला, भूत आहे, सरळ गोष्ट आहे. शिक्षिका काही बोलल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तीनही मतं लिहिली आणि विचारलं, 'यातलं जॉनला कुठलं पटेल?'

वर्ग शांत झाला. कारण जॉनला तिन्ही पटणार नाहीत. तो म्हणेल, पलंग जुना आहे.

मला वाटतं गॉथिक कथेचं सगळं यंत्र या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे धारप-मतकरी वाचून मोठे झालेल्यांना वाडा, बंद खोली, रात्रीचे आवाज हा सगळा सरंजाम ओळखीचा आहे. पण बायकांनी लिहिलेल्या गॉथिक कथांमध्ये भीती अनेकदा भुतापासून सुरू होत नाही. ती 'मी जे पाहिलं ते खरं आहे असं कोणीच मानणार नाही' इथून सुरू होते. घराचा मालक, डॉक्टर, बाप, नवरा, म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन आहे तो माणूस, म्हणतो की तिथे काही नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. पितृसत्तेची व्याख्या सांगितली की ती जांभया देतात. 'तुला काही झालेलं नाही, झोप काढ' हे वाक्य मात्र प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं.

आता इतिहासाकडे येते, कारण माझं खरं काम तिथे आहे.

शार्लट यांचा जन्म 1860 चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या नात्याने त्यांच्या वडिलांच्या मावशी-आत्यांपैकी. 1884 मध्ये चित्रकार वॉल्टर स्टेटसन यांच्याशी लग्न, 1885 मध्ये मुलगी झाली, आणि त्यानंतर त्यांना नैराश्याने पार खचवलं. 1887 मध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉ. सायलस वियर मिचेल यांच्याकडे गेल्या. मिचेल म्हणजे त्या काळातलं मज्जाविकारांतलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं नाव. त्यांची 'रेस्ट क्युअर' प्रसिद्ध होती: कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, घरच्या माणसांपासून दूर, भरपूर दूध आणि खाणं, मालीश, विजेचे हलके धक्के. वाचन नाही, लेखन नाही, काही वेळा स्वतःच्या हाताने जेवणंसुद्धा नाही. (आपल्याकडची बाळंतिणीची खोली इथे आठवेल. पण तिथे बाळ कुशीत असतं आणि कारभार बायकांचा असतो. इथे बाळ दूर आणि कारभार डॉक्टरचा.)

जाण्याआधी शार्लट यांनी आपल्या आजाराचा सविस्तर इतिहास लिहून मिचेलना पाठवला होता. मिचेलना त्यात फक्त अहंकार दिसला, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. महिनाभराने घरी पाठवताना सल्ला काय, तर शक्य तितकं घरगुती आयुष्य जग, मूल सतत जवळ ठेव, दिवसाला फार तर दोन तास बौद्धिक काम, आणि पेन, ब्रश, पेन्सिल जन्मात हातात धरू नकोस. त्यांनी काही महिने हे पाळलं. त्या काळात आपण कपाटांत आणि पलंगाखाली रांगत जाऊन बसायचो, असंही त्यांनीच लिहून ठेवलंय. कथेतली बाई शेवटी भिंतीच्या कडेने रांगते, ते रांगणं कुठून आलं ते इथे कळतं. 1888 मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, कॅलिफोर्नियात पासाडीनाला गेल्या आणि तिथे 1890 मध्ये ही कथा लिहिली. कथेत मिचेल यांचं नाव सरळ येतं. जॉन बायकोला धाक घालतो की लवकर बरी झाली नाहीस तर तुला त्यांच्याकडे पाठवीन.

इथे एक आडवळण घेते, कारण फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. 1886 च्या मार्चमध्ये याच शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाईंचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' 1887 मध्ये फिलाडेल्फियालाच छापलं गेलं. म्हणजे ज्या वर्षी एका अमेरिकन लेखिकेला त्या शहरात 'पेन धरू नकोस' असं सांगितलं जात होतं, त्याच वर्षी त्याच शहरातून एका मराठी बाईचं पुस्तक बाहेर पडत होतं. यातून मोठा निष्कर्ष काढायचा मोह आवरते. पण मिचेल यांच्या फिलाडेल्फियात बायका डॉक्टर होत होत्या, हे लक्षात ठेवलेलं बरं. 'तो काळच तसा होता' हे वाक्य वर्गात कोणी ना कोणी म्हणतंच, त्याला हे उत्तर आहे.

आता मला स्वतःला सर्वांत जास्त हलवून सोडलेली गोष्ट. मिचेल स्वतःसुद्धा कथालेखक होते, आणि त्यांची पहिली गाजलेली कथा म्हणजे एक अस्सल गॉथिक कथा. 1866 च्या जुलैमध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात 'द केस ऑफ जॉर्ज डेडलो' ही कथा निनावी छापून आली. यादवी युद्धात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या एका लष्करी डॉक्टरची ती आत्मकथा. नसलेल्या पायांच्या वेदना त्याला होत राहतात. शेवटी एका प्रेतात्म्यांच्या बैठकीत त्याचे कापलेले पाय, जे लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले असतात, 'येतात', आणि तो क्षणभर त्यांच्यावर चालतो! वाचकांना ही खरी हकीकत वाटली. त्या दुर्दैवी माणसासाठी लोकांनी देणग्यासुद्धा पाठवल्या. पुढे 1871 मध्ये 'फँटम लिंब' हा शब्दप्रयोग रूढ केला तो याच मिचेल यांनी.

म्हणजे पाहा, पुरुष सैनिक म्हणतो, 'जिथे काहीच नाही तिथे मला दुखतंय', आणि हा डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्यावर संशोधन करतो, गोष्ट लिहितो. वीस वर्षांनी एक बाई म्हणते, 'जिथे काहीच दिसत नाही तिथे मला दुखतंय', तर तिला तो दूध पाजून झोपवतो. आणि 'अटलांटिक'? शार्लट यांची कथा विल्यम डीन हॉवेल्स यांनी त्याच मासिकाच्या तेव्हाच्या संपादकांकडे, होरेस स्कडर यांच्याकडे, पाठवली. स्कडर यांनी ती परत केली. कारण असं दिलं की ही वाचून मला जो त्रास झाला तोच इतरांना दिला तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. हातपाय नसलेला माणूस चालला. रांगणारी बाई नाही. संपादक वेगळे होते, काळही सरला होता, हे मान्य. तरी या दोन्ही कथा वर्गात शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला फार वाटतं.

मिचेल यांच्याबद्दल अजून एक गोष्ट मुलांना हमखास पटते. थकलेल्या, मन खचलेल्या पुरुषांना ते अंथरुणात घालत नव्हते, पश्चिमेकडे पाठवत होते. घोड्यावर बसा, शिकार करा, मोकळ्या हवेत राहा. ओवेन विस्टर हा असाच एक रुग्ण, 1885 मध्ये वायोमिंगला गेला आणि पुढे 1902 मध्ये त्याने 'द व्हर्जिनियन' ही काउबॉय कादंबरी लिहिली. म्हणजे एकाच दवाखान्याच्या दोन दारांतून अमेरिकन साहित्याचे दोन प्रकार बाहेर पडले. हे जरा चटपटीत झालं, पण अगदीच खोटं नाही.

कथा अखेर 'न्यू इंग्लंड मॅगझिन'च्या जानेवारी 1892 च्या अंकात आली. आता इथून एक दंतकथा सुरू होते आणि ती मी स्वतः एम.ए.च्या वर्गात खरी मानून लिहून घेतली होती. दंतकथा अशी: त्या काळात ही कथा लोकांनी फक्त भयकथा म्हणून वाचली, मग ती विसरली गेली, आणि 1973 मध्ये फेमिनिस्ट प्रेसने इलेन हेजेस यांच्या विवेचनासह ती पुन्हा छापली तेव्हा प्रथमच तिच्यातला स्त्रीवाद दिसला. गोष्ट म्हणून ही छान आहे. बंद खोलीतली बाई बाहेर येते आणि दार उघडणाऱ्या आपण!

पण कागदपत्रं वेगळं सांगतात. 1899 मध्ये कथेचं स्वतंत्र पुस्तक बॉस्टनमध्ये निघालं. 1920 मध्ये हॉवेल्स यांनी ती आपल्या निवडक अमेरिकन कथांच्या संग्रहात घेतली. लव्हक्राफ्टसारख्या भयकथाकाराने 1927 मधल्या आपल्या निबंधात तिची दखल घेतली. मधल्या काळात ती इतर संग्रहांतही येत राहिली. ज्युली बेट्स डॉक यांनी 1990 च्या दशकात जुनी परीक्षणं खणून काढली, तेव्हा दिसलं की एकोणिसाव्या शतकातल्या काही वाचकांनाही नवऱ्याचा आणि डॉक्टरचा मुद्दा व्यवस्थित कळला होता. तशीच दुसरी दंतकथा, की कथा वाचून मिचेल यांनी आपली उपचारपद्धत बदलली. हे खुद्द गिलमन यांनीच 1913 मध्ये लिहिलं, ऐकीव माहितीवर. त्याला दुजोरा देणारा पुरावा संशोधकांना मिळालेला नाही, आणि मिचेल यांच्या उपचारावरच्या पुस्तकाच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या.

मग 1973 चं महत्त्व काय? माझं मत असं की तेव्हा नवा अर्थ सापडला नाही, नवा वर्ग सापडला. अमेरिकन विद्यापीठांमध्ये स्त्री-अभ्यासाचे अभ्यासक्रम नुकतेच उभे राहत होते, त्यांना शिकवायला मजकूर हवा होता, आणि हे एक पातळ पुस्तक होतं, एका बैठकीत वाचून होणारं. 1979 मध्ये गिल्बर्ट आणि गुबार यांच्या 'द मॅडवुमन इन द ॲटिक'ने माळ्यावरच्या वेड्या बाईला एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांचं प्रतीक केलं आणि ही कथा त्या चर्चेत ठाम जाऊन बसली. विद्यापीठातून ती शाळेच्या पाठ्यपुस्तकात उतरली. कथा छोटी असणं ही बाब आपण समीक्षेत कधी मोजत नाही, पण वेळापत्रकात पंचेचाळीस मिनिटांचा तास असतो.

वर्गात आर्सेनिकचा मुद्दाही निघाला, हल्ली निघतोच. एका मुलाने सांगितलं की जुन्या वॉलपेपरमध्ये विष असायचं, म्हणून ती बाई वेडी झाली. विषाचं खरं आहे. मिशिगनमधल्या रॉबर्ट केडझी या रसायनतज्ज्ञाने 1874 मध्ये अशा विषारी कागदांचे नमुने चिकटवून एक पुस्तकच केलं आणि ग्रंथालयांना पाठवलं. त्याचं नाव होतं 'शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ', कुठल्याही भयकथेला शोभेल असं. पण हा अर्थ घेतला की जॉन सुटतो. मग दोष कागदाचा. मला गंमत वाटली की हे त्या मुलाच्या शेजारच्या मुलीनेच त्याला सुनावलं.

यानंतर जे झालं त्यामुळे मी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.

आधीच्या आठवड्यात वर्गाने एलिझाबेथ गॅस्केल यांची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' वाचली होती. ही 1852 ची, डिकन्स यांच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकाच्या नाताळ अंकातली. बर्फात बापाने हाकलून दिलेली मुलगी आणि तिचं लेकरू, आणि त्यांचं भूत. बापाकडे चुगली करणारी सख्खी बहीण आता म्हातारी होऊन त्याच वाड्यात राहते. डिकन्स यांचा आग्रह होता की शेवटी भुतं फक्त लहान मुलीला दिसावीत. गॅस्केल यांनी ऐकलं नाही, त्यांच्या कथेत ती सगळ्यांना दिसतात. मला हा हट्ट फार आवडतो, कारण फक्त एकीला दिसलं तर तो भास ठरतो, सगळ्यांना दिसलं की ती साक्ष होते. आणि ही गोष्ट सांगते कोण? हेस्टर. मूल सांभाळणारी, पगारी बाई.

तर 'यलो वॉलपेपर'च्या तासाला मागून एका मुलीने विचारलं, 'मग मेरीचं काय?' बऱ्याच जणांना मेरी कोण ते आठवेना. मेरी म्हणजे बाळ सांभाळणारी बाई. कथेत तिच्या वाट्याला एक वाक्य आलंय, की ती बाळाशी फार छान वागते. बस. वरच्या मजल्यावर आपली नायिका कागद फाडत असते तेव्हा खाली मूल सांभाळायला कोणीतरी आहे म्हणूनच ही कथा घडू शकते.

हा प्रश्न मुलीने सहज विचारला, पण त्याच्यामागे मोठं दुखणं आहे. गिलमन यांनी 1898 च्या 'विमेन अँड इकॉनॉमिक्स'मध्ये बायकांच्या आर्थिक पराधीनतेवर जे लिहिलं ते आजही धारदार वाटतं. त्याच गिलमन यांनी 1908 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'त एक लेख लिहून सुचवलं की 'मागे राहिलेल्या' कृष्णवर्णीयांना सरकारने सक्तीने कामगार-दलात भरती करावं. वंश आणि स्थलांतरितांबद्दलची त्यांची मतं पुढेही तशीच राहिली. 1989 मध्ये सुझन लॅन्सर यांनी हा मुद्दा थेट कथेला भिडवला: आपण इतकी वर्षं या कागदात 'स्त्री' पाहिली, पण ती कुठली स्त्री? त्या काळातल्या अमेरिकेत 'पिवळा' हा शब्द चिनी स्थलांतरितांविरुद्ध कसा वापरला जात होता, तेही त्यांनी दाखवलं. रंगाचा तो धागा मला थोडा ताणलेला वाटतो. प्रश्न मात्र टळत नाही.

अकरावीत हे सांगायचं की नाही, यावर शिक्षिकेशी माझं दीर्घ बोलणं झालं. माझी बाजू संशोधकाची होती: सांगायलाच हवं, 1908 चा लेख वाटायला हवा. त्यांची काळजी वेगळी होती. वर्षभरात मुलं बाईने लिहिलेलं मोजकंच वाचतात. त्यातल्या एकीची ओळख करून देऊन पुढच्याच तासाला तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर मुलं दोन्ही गोष्टी विसरतात आणि 'ती वाईट होती' एवढंच घेऊन घरी जातात. पुरुष लेखकांच्या बाबतीत आपण इतक्या तातडीने हिशेब मांडतो का, असंही त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही.

शेवटी त्यांनी केलं ते असं. लेखातला एक उतारा वाटला, त्यावर अर्धा तास बोलणं झालं. मग गृहपाठ दिला की याच घरातला एक दिवस मेरीच्या वहीतून लिहा. अट एकच, 1892 मध्ये मेरीला जे माहीत असू शकेल तेवढंच.

मला वाटलं होतं सगळे मेरीला दयाळू करतील. बहुतेकांनी केलंच. पण ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिची मेरी रात्री वरून येणारा घासण्याचा आवाज ऐकते, काय चाललंय ते तिला कळतं आणि ती गप्प राहते, कारण बोलली तर नोकरी जाईल. आणि पलंगाचं कोडं तिने शेवटच्या ओळीत सोडवून टाकलं होतं: मेरी या घरात आधीच्या भाडेकरूंच्या वेळीही कामाला होती.